ओसी नाही, पण चावी तयार आहे: घ्यायची का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

विषय एका मेसेजवरून सुचला. रावेतहून एकाने विचारलं, "बिल्डर म्हणतोय दसऱ्याला चावी घ्या, इंटिरियर सुरू करा, ओसी महिन्याभरात येईल. घरभाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू आहेत. घेऊन टाकू का?"

गेल्याच वर्षी मी पुनावळ्यात फ्लॅटचा ताबा घेतला, आणि मलाही हेच विचारलं गेलं होतं. माझं उत्तर: नको.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यायोग्य आहे, असं महापालिकेने किंवा पीएमआरडीएने लेखी दिलेलं असतं. आर्किटेक्टचा दाखला म्हणजे ओसी नव्हे. फायर एनओसी म्हणजे ओसी नव्हे. 'अर्ज केलाय, ही घ्या पोचपावती' हीसुद्धा ओसी नव्हे. महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा आहे. तो काय सांगतो? पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि, हे बहुतेकांना माहीत नसतं, ग्राहकानेही घ्यायचा नाही. 'फिट-आउट पझेशन' हा शब्द सेल्स ऑफिसमधला आहे.

ओसी नसली की काय होतं याचं मुंबईतलं एक उदाहरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यांनी १९९७ मध्ये ताबा घेतला होता. ओसी आलीच नाही. त्यामुळे त्यांना मिळकतकर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. ओसी न मिळवणं ही बिल्डरची सेवेतली त्रुटी आहे, असं कोर्टाने म्हटलं, पण कधी? जानेवारी २०२२ मध्ये. तोवर पंचवीस वर्षं होत आली होती. आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर ओसी असलेल्यांनाही दिवसाआड पाणी येतं. ओसी नसेल तर टँकरच्या रांगेत तुमचा नंबर कुठे लागेल ते बघा.

अजून एक बारीक गोष्ट. करारातली ताब्याची तारीख उलटून गेली असेल, तर रेराच्या कलम १८ खाली उशिराबद्दल व्याज मागता येतं. फिट-आउटच्या पत्रावर तुम्ही सही केलीत, की 'ताबा त्या दिवशीच दिला' असं म्हणायला बिल्डर मोकळा. सही फुकट जात नाही.

आता ओसी आली असं धरू. ती स्वतः डाउनलोड करा. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या नावाने शोधलं की अपलोड केलेली कागदपत्रं दिसतात. पहिल्या पानावर थांबू नका. पुष्कळदा ती पार्ट ओसी असते, म्हणजे ठरावीक विंगची किंवा ठरावीक मजल्यापर्यंतची. तुमचा मजला तिच्यात आहे का बघा. आमच्या इमारतीची पहिली ओसी नवव्या मजल्यापर्यंत होती आणि आम्ही अकराव्यावर. सीआरएमच्या मॅडम फोनवर "ओसी आली सर" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यात खोटं काहीच नव्हतं!

आईची इच्छा दसऱ्याची होती. दसरा गेला, आणि चावी घेतली एका साध्या बुधवारी. आई दोन दिवस फुगून होती. पण ओसी आल्यावर आपणही फार ताणायचं नसतं. रेरा कायद्यात ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घ्यावा असं ग्राहकालाही सांगितलंय. तपासणीसाठी तुमच्याकडे एवढाच वेळ असतो, आणि शेवटचे पैसे व ताबापत्रावरची सही अजून तुमच्या हातात असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी टेस्टिंग करतो ते याचसाठी. रिलीजनंतर सापडलेला बग कोणालाच आवडत नाही.

तर तपासणी. दिवसाउजेडी जा आणि सोबत बादली, फोनचा चार्जर, एक नाणं, मेजर टेप आणि मास्किंग टेप न्या. बाथरूमपासून सुरुवात करा. बादलीभर पाणी दाराच्या बाजूने ओता. ते नहाणी ट्रॅपकडे जायला हवं. आमच्याकडे ते निवांतपणे उंबऱ्याकडे यायला लागलं. उतार चुकला असेल तर टाइल्स उखडून परत बसवाव्या लागतात, आणि सामान आल्यावर ते काम कोण करणार? बिल्डरने अकरा दिवसांत करून दिलं, कारण शेवटचा चेक अजून माझ्या बॅगेत होता. ड्राय बाल्कनी आणि किचन सिंकमध्येही दोन-दोन बादल्या ओता. पाइपात सिमेंट अडकलेलं असतं. टाइल्सवर नाण्याने टकटक करत फिरा, जिथे पोकळ आवाज येईल तिथे टेप चिकटवा. प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावा. डीबीमधल्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा, लाइट गेली पाहिजे. खिडक्या, दारं, रंग हे डोळ्यांना दिसतंच, त्यावर तास घालवू नका.

कार्पेट मोजताना बहुतेकांचा गोंधळ होतो. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. नुसती खोल्यांची बेरीज केलीत तर आकडा कमीच येईल आणि विनाकारण भांडण होईल. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणा. आमचे ५६.८६ म्हणजे ६१२ चौरस फूट. महाराष्ट्राच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, पण त्या मर्यादेत कमी भरलं तरी जास्तीचे पैसे परत मागता येतात.

सापडलेलं सगळं फोटोसकट ईमेलवर पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. ताबापत्रात बहुधा एक ओळ असते, 'फ्लॅट समाधानकारक अवस्थेत मिळाला, कोणतीही तक्रार नाही.' काही बाकी असेल तर तिथेच पेनाने लिहा, 'सोबतच्या यादीतली कामं वगळून', आणि यादीवर त्यांचीही सही घ्या. कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कामाचा दोष निघाला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. म्हणून ताबापत्रावर खरी तारीख हवी.

पैशांचं थोडक्यात. नमुना करारात शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी द्यायचे असतात. त्यासोबत मेंटेनन्सचा ॲडव्हान्स, सोसायटी नोंदणी, मीटरचा खर्च असं बरंच एका आकड्यात गुंडाळून येतं. बाबांनी तो कागद बघून पहिलं वाक्य टाकलं, "फोड मागव." मागवल्यावर त्यात करारात नसलेली एक रक्कम निघाली, आणि ती गेली. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यावर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे, शेवटच्या हप्त्यावरही. बँकेला ओसी आणि डिमांड लेटर आधीच देऊन ठेवा. आणि भाड्याच्या घराची नोटीस दुरुस्त्या पूर्ण झाल्याशिवाय देऊ नका. माझं २२ हजार भाडं एक महिना जास्त गेलं. दुखलं, पण फुटलेल्या बाथरूममध्ये राहण्यापेक्षा परवडलं.

चावी मिळाली त्याच दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, तारखेसकट. मीटर बिल्डरच्या नावावर असेल तर इंडेक्स टू आणि ताबापत्र जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मिळकतकराला नाव लावायचा अर्जही लागलीच टाका. आणि हो, मुख्य दाराच्या कुलपाचं सिलिंडर बदलून घ्या. इतके महिने ती चावी पेंटरपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांच्या हातात फिरलेली असते. आमच्या सोसायटीजवळच्या हार्डवेअरवाल्याने अर्ध्या तासात बसवून दिलं.