जमिनीची विश्रांती : सातवं वर्ष आणि पड

शब्बाथ वर्ष : बायबलमधल्या लेवीय 25 नुसार सहा वर्षं पेरणी, सातव्या वर्षी पेरणी नाही, द्राक्षवेलींची छाटणीही नाही. आपोआप उगवेल ते मालक, चाकर, परका आणि गुराढोरांचंही. इस्राएलमधलं अलीकडचं वर्ष 2021-22.

योबेल : पन्नासावं वर्ष. विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत.

इनामगाव : आता आपल्याकडची जुनी शेती. घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, सुमारे इ.स.पू. 1600 ते 700. मुख्य पीक जव. पाण्यासाठी पाट आणि बांध. उत्खनन डेक्कन कॉलेजचं, 1968 ते 1983.

पड की बेवड? पड म्हणजे रान न पेरता सोडणं. बेवड म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा लाभ, जसा हरभऱ्याचा. उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पीक) ठेवला की रानाला उसंत नाही. तो मोडल्यावर ताग किंवा धैंचा पेरतात, फुलोऱ्याच्या सुमारास खत म्हणून गाडतात.