ईस्टमन बिझिनेस कॉलेज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या लहान शहरातील एक खाजगी वाणिज्य शिक्षणसंस्था (१८५९–१९३१). पकीप्सी हे हडसन नदीच्या पूर्व तीरावर, न्यूयॉर्कच्या उत्तरेस सु. १२० किमी.वर वसले असून १८७० मध्ये त्याची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास होती. संस्थापक हार्व्ही ग्रिडली ईस्टमन (१८३२–७८) याने प्रारंभी रॉचेस्टर येथे आपल्या चुलत्याच्या वाणिज्य विद्यालयात अध्यापन केले. छायाचित्रण-उद्योगाचा प्रवर्तक जॉर्ज ईस्टमन हा या चुलत्याचा मुलगा होय.

तत्कालीन अमेरिकन महाविद्यालयांत लॅटिन, ग्रीक व गणित यांवर भर असे. लोहमार्ग व तारायंत्र यांमुळे विस्तारलेल्या व्यापाराला हवे असलेले हिशेबनीस तेथे तयार होत नसत आणि पेढीवरील जुन्या उमेदवारीच्या पद्धतीतून ते पुरेशा संख्येने मिळत नसत. ही उणीव खाजगी व्यापारी विद्यालयांनी भरून काढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स गारफील्ड याने १८६९ मध्ये वॉशिंग्टन येथील अशाच एका विद्यालयात केलेल्या भाषणात, ही विद्यालये म्हणजे रूढ महाविद्यालयांच्या अपयशाचा निषेध होय, अशा आशयाचे मत मांडले होते.

ईस्टमनच्या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या प्रात्यक्षिक विभागात होते. पुस्तपालन, व्यापारी अंकगणित, पत्रव्यवहार व सुवाच्य हस्ताक्षर यांचा प्राथमिक अभ्यास झाल्यावर विद्यार्थ्याला महाविद्यालयाने छापलेल्या नोटांच्या रूपाने भांडवल दिले जाई. या भांडवलावर तो मालाची खरेदी-विक्री करी, बीजके व वचनचिठ्ठ्या लिही, महाविद्यालयातील बँकेत खाते ठेवी, विमा उतरवी आणि दलालामार्फत व्यवहार करी. बँकेतील व कचेऱ्यांतील कामेही विद्यार्थीच आळीपाळीने पाहत. माल नाममात्र असला, तरी हिशेब खरा असे आणि तो जुळलाच पाहिजे असा दंडक होता. जमा व नावे यांचे नियम पाठ करणारा विद्यार्थी आणि स्वतःच्या वहीतील तूट शोधून काढणारा विद्यार्थी यांत केवढे अंतर असते, हे वाणिज्याच्या कोणाही अध्यापकाला ठाऊक आहे. ही पद्धती एकट्या ईस्टमनची नव्हे. ब्रायंट व स्ट्रॅटन यांच्या अनेक शहरांत पसरलेल्या विद्यालयांतही ती होती. तथापि ईस्टमनने ती मोठ्या प्रमाणावर राबविली. या ‘महाविद्यालयीन चलना’च्या नोटा आज संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय आहेत.

यादवी युद्धाच्या (१८६१–६५) अखेरीस विद्यार्थिसंख्या हजारावर गेली. युद्धातून परतलेल्या तरुणांना थोड्या महिन्यांत उपजीविकेचे साधन देणारे हे शिक्षण होते. वृत्तपत्रांतून ईस्टमन करीत असलेली भडक जाहिरातबाजीही या वाढीस कारणीभूत होती. एकाच इमारतीत वर्ग मावत नसल्याने ते शहरात ठिकठिकाणी भरत व विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चाले. ईस्टमन १८७१ मध्ये नगराध्यक्ष झाला. हडसनवरील रेल्वे-पुलाच्या योजनेचाही तो एक प्रमुख पुरस्कर्ता होता. पण पूल पुरा झाला तो त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८८८ मध्ये.

त्याच्यानंतर क्लेमेंट गेन्स याने संस्था दीर्घकाळ चालविली. साखळी-दुकानांचा उद्योजक सेबॅस्टियन क्रेस्गी हा येथील १८८९ चा पदवीधर. मात्र लघुलेखन, टंकलेखन व पुस्तपालन हे विषय हळूहळू सार्वजनिक माध्यमिक शाळांत विनाशुल्क शिकविले जाऊ लागले. दुसरीकडे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॉर्टन विद्यालय (१८८१) व हार्व्हर्डचे व्यवसाय-प्रशासन विद्यालय (१९०८) यांमुळे उच्च वाणिज्य शिक्षण विद्यापीठांकडे गेले. मुंबईतही दावर यांच्या खाजगी संस्थेनंतर (१९००) सिडनॅम महाविद्यालय (१९१३) निघाले. पण तेथे खाजगी वर्ग व विद्यापीठीय शिक्षण शेजारी शेजारी टिकले. पकीप्सीत तसे घडले नाही. पदवीची प्रतिष्ठा नाही आणि शाळेइतके स्वस्तही नाही, अशा कोंडीत सापडलेली ही संस्था महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, बंद पडली.