१ जुलै १८६५ : अंदाज खरा, मुदत खोटी

मुंबईतील राजाबाई टॉवरचे नाव निघाले की आपल्या घरांतून मातृभक्तीची कथा सांगितली जाते. मूळचे सुरतेचे जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ या मनोऱ्यासाठी मुंबई विद्यापीठास दोन लाख रुपये दिले. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ मातोश्रींना घंटानादावरून कळावी, हा त्यामागील हेतू होता अशी आख्यायिका आहे. त्या देणगीचे वर्ष १८६४. त्या वर्षाच्या मागेपुढे मुंबईच्या बाजारात जे घडले त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. आणि मुलाबाळांसाठी दीर्घकाळ पैसा गुंतवू पाहणाऱ्या कुटुंबाला तीच अधिक उपयोगाची आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टी साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला होता. घाटावरचा माल बैलांच्या तांड्यांवाचून बंदरात पोहोचू लागला. लिव्हरपूलचे भाव चढत गेले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. भाव प्रथम कोणास कळतो यावर सारा नफा अवलंबून असे. प्रेमचंद शेठ टपालाच्या बोटी बंदरात शिरण्यापूर्वीच आपली माणसे होड्यांतून पाठवून बातमी मिळवीत, असे सांगतात.

इथवरचा व्यवहार शुद्ध व्यापाराचा होता. पुढे आलेल्या पैशाला जागा सापडेना. मग नव्या पेढ्या, नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅकबे कंपनी. पश्चिम किनाऱ्यावरील उथळ समुद्रात भराव घालून शहरासाठी भूमी निर्माण करणे हा तिचा उद्देश. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरवर अधिमूल्य पन्नास हजारांपर्यंत गेले. अद्याप समुद्राचे पाणी होते तिथेच होते, हे ध्यानात घ्यावे.

यातील पुष्कळ व्यवहार वायद्याचे होते. शेअर आज ठरवायचा, पैसे १ जुलै १८६५ रोजी चुकते करायचे. ९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत जनरल ली शरण आला. आधीच डळमळू लागलेले कापसाचे भाव ती वार्ता आल्यावर कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा देणेकऱ्यांच्या हाती पैसा नव्हता आणि घेणेकरी स्वतःच दुसऱ्यांचे देणेकरी होते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांस गेला होता, तो पुढे ८७ रुपयांस विकला गेला. शेअरच्या आणि नावाच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी ती जुनी बँक १८६८ मध्ये बंद करावी लागली. खुद्द प्रेमचंद शेठांचेही मोठे नुकसान झाले. विद्यापीठास दिलेले दान मात्र टिकले. १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला.

या प्रकरणाला केवळ ‘लोभाचे फळ’ म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे. त्या लोकांचा अंदाज चुकला होता काय? मुंबई वाढेल, तिला जमीन अपुरी पडेल, समुद्र हटवलेली जागा सोन्याच्या मोलाची होईल, असे त्यांना वाटले. हे अक्षरशः खरे ठरले. कंपनी बुडाल्यावरही त्या किनाऱ्याच्या कडेने रेल्वे चर्चगेटकडे गेली. बॅकबेचा भराव १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतला, त्यातून मरीन ड्राइव्ह उभा राहिला; आणि नरिमन पॉइंटच्या उत्तुंग इमारती तर स्वातंत्र्यानंतरच्या. भाकीत शंभर टक्के खरे आणि भाकीत करणारे कफल्लक, असा हा विलक्षण प्रकार. शहराला शतक हवे होते आणि वायद्याला काही महिने.

म्हणून ‘दीर्घकालीन गुंतवणूकदार’ या शब्दाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. दीर्घकाळ थांबण्याची इच्छा प्रत्येकास असते. थांबण्याची ऐपत किती जणांस असते, हा खरा प्रश्न. ज्या पैशाला परत करण्याची तारीख आहे, त्या पैशाने घेतलेली वस्तू कितीही उत्तम असली तरी तिचा मालक आपण नसून ती तारीख असते. नवे तंत्र आले की हा धोका अधिक वाढतो. लोहमार्गाने जग बदलले, तारेने बदलले, हे कोणी नाकारणार नाही. पण बदल घडणे आणि त्या बदलावर आपण लावलेला पैसा आपल्याला हव्या त्या दिवशी परत येणे, या दोन घटनांचे वेळापत्रक वेगवेगळे असते.

दुसरी गोष्ट मनुष्यस्वभावाची. प्रेमचंद शेठ ज्यात हात घालतात ते बुडणार नाही, ही त्या काळची समजूत होती. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारणही नव्हते. परंतु एकाच्या कर्तृत्वावर हजारो जण डोळे मिटून निजले, की त्या कर्तृत्ववान माणसासही सावध करणारे कोणी उरत नाही. आपल्या समाजात ओळखीवर व्यवहार चालतो; ते आपले बळ आहे. पण ओळख माणसाची खात्री देते, भावाची देत नाही.

त्याच पडझडीत टाटांची पेढीही सापडली. तरुण जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते आणि जवळच्या हुंड्यांना काही किंमत उरली नव्हती. ते सावकारांसमोर उभे राहिले, हिशेब उघडा केला, आणि सावकारांनी पेढी आवरण्याचे काम त्यांच्याच हाती सोपविले. तोट्यातही पत राहिली. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी मुंबईतच काढण्याची रीत असताना ते कापूस पिकतो तिथे गेले, आणि रिंग चात्यांसारखे नवे यंत्रही त्यांनी लवकर आजमावून पाहिले. तंत्रावरचा हा विश्वास बॅकबेवाल्यांपेक्षा कमी नव्हता. फरक इतकाच, की इथे दररोज सूत निघत होते आणि विकले जात होते.

हे सारे आज सांगण्याचे निमित्त आपल्या दुकानांतच आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांस तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा पैसा आला कोठून? काही बचतीतून आला असेल. पण व्यापारी घरांत आणखी एक वाट असते. गल्ल्यातील रोख, मालाच्या बिलासाठी ठेवलेली रक्कम, बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातील शिल्लक मर्यादा: सारे एका मोबाइलवरून क्षणात बाजारात जाते आणि चोपड्यात त्याची ओळ वर्षअखेरीस उमटते. पूर्वी वडिलांना न विचारता हुंडी लिहिता येत नसे. आज ती अडचण उरलेली नाही.

परिग्रह-परिमाण हा शब्द आपल्याला नवा नाही. किती बाळगावे याची मर्यादा आधी ठरवायची, वस्तू समोर आल्यावर नव्हे. घरात तीन खाती वेगळी काढून तोच नियम लावता येतो: दुकानाचे खेळते भांडवल, दोन-तीन वर्षांत लागणारा लग्न-शिक्षणाचा पैसा, आणि दहा वर्षे हात न लावता चालेल असा पैसा. शेअर घ्यायचे ते फक्त तिसऱ्या खात्यातून, आणि ते शेअर कोठेही तारण ठेवायचे नाहीत. येत्या दिवाळीच्या चोपडापूजनापूर्वी पितापुत्रांनी शेजारी बसून डीमॅट खात्याचा उतारा काढावा आणि त्यातील प्रत्येक नावापुढे एकच नोंद करावी: हा पैसा कोणाचा, आणि तो कोणत्या तारखेस परत द्यावयाचा आहे.