हिशेबाच्या वहीबाहेरची किंमत

कारखान्यातून निघणारा धूर, यंत्रात सापडलेला कामगाराचा हात, संचालकाने नातलगाच्या कंपनीला चढ्या भावाने दिलेले कंत्राट, या गोष्टी कंपनीच्या हिशेबात फार काळ दिसत नसत. त्यांची किंमत कोणी तरी मोजतच असे. शेजारची वस्ती, कामगाराचे घर, छोटा भागधारक किंवा महापालिका ती मोजत असे आणि कंपनीची वही कोरी राहत असे. ही किंमत कंपनीने स्वतः मोजावी, लिहावी आणि जाहीर करावी, हा आग्रह गेल्या वीस वर्षांत जगभर वाढला. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईएसजी म्हणतात.

हे नाव रूढ झाले ते संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2004 मध्ये निघालेल्या ‘हू केअर्स विन्स’ या अहवालामुळे. दानधर्माशी त्या अहवालाचा संबंध नव्हता. बँका, विमा कंपन्या आणि गुंतवणूक संस्थांना तो सांगत होता की, या तीन बाबींकडे पाठ फिरवणाऱ्या कंपनीत घातलेला पैसा धोक्यात असतो. आज ना उद्या कायदा बदलतो, अपघात होतो, न्यायालय काम थांबवते, ग्राहक तुटतो किंवा कर्ज महागते. आणि वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या माथी मारलेली किंमत एका फटक्यात कंपनीच्या दारात येऊन उभी राहते. ईएसजी जोखीम म्हणतात ती हीच.

मुंबईच्या परळ, लालबाग, दादर, लोअर परळ आणि वरळी या पट्ट्यात ही तीनही आद्याक्षरे दीडशे वर्षांपूर्वीच कामाला लागली होती. त्या वेळी त्यांना हे नाव नव्हते, एवढेच. कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी 1854 मध्ये ताडदेवला स्थापन झाली आणि पुढच्या तीन-चार दशकांत गिरणगाव उभे राहिले. कामाचे तास उजेडावर ठरत, साप्ताहिक सुट्टी नव्हती आणि पगार महिनोन् महिने अडकून राहत. 1875 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला गेला. 1881 मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याने सांगितले. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल तो गप्प होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आजच्या नियमांशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. आज शेअर बाजारातल्या बड्या कंपनीला दर दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचे दिवस बुडवणारे किती अपघात झाले, ते जाहीर करावे लागते. त्या रकान्याचे मूळ लोखंड्यांच्या निवेदनात आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. रविवारची सुट्टी गिरणीमालकांच्या संघटनेने 10 जून 1890 रोजी मान्य केली. 1891 च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी सर्वांसाठी आणली आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला 11 तासांची मर्यादा घातली.

या कायद्यांमागे आणखी एक रेटा होता, तो लँकेशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या बाजारात घुसत होते, म्हणून भारतातल्या कामगारांची त्यांना अचानक काळजी वाटू लागली होती. मुंबईच्या मालकांनी हा स्वार्थ ओळखला आणि त्यावर बोट ठेवून कायद्याला विरोध केला. पण हेतू मिश्र होता म्हणून लहान मुलांना मिळालेले संरक्षण खोटे ठरत नाही. हाच प्रसंग आज नव्या रूपात उभा आहे. परदेशातून येणारे पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर तो बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणात युरोपीय संघाने शुल्क ठेवले आहे. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यावी लागत होती; 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा भार सुरू होतो. यात युरोपच्या कारखान्यांचे हित आहे, हे उघड आहे. तरीही ज्या निर्यातदाराकडे उत्सर्जनाची मोजणीच नाही, त्याला या वादात पडून काही मिळणार नाही.

कारभाराचा प्रश्नही गिरण्यांनीच मुंबईला दाखवला. गिरणीचे भागधारक अनेक असत, पण सूत्रे मॅनेजिंग एजंटांच्या पेढीकडे. सुरुवातीच्या काळात अनेक पेढ्यांचे कमिशन नफ्यावर नव्हते. तयार मालाच्या दर पौंडाला पाव आणा असे ते ठरलेले असे. गिरणी तोट्यात चालली तरी सूत निघत राहिले की एजंटाची कमाई चालू. भागधारकाचे हित आणि कारभाऱ्याचे हित असे फाकले की काय होते, हे शिकायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत अखेर 1970 मध्ये कायद्याने बंद झाली. खात्याच्या पातळीवर हीच गोष्ट जॉबरची होती. भरती त्याच्या हातात, म्हणून बदली कामगाराला कामासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. पर्यावरणाकडे मात्र सर्वांत उशिरा लक्ष गेले. चिमण्यांच्या धुरासाठी मुंबईत 1912 मध्ये कायदा झाला, पण खात्यात उडणाऱ्या कापसाच्या तुसाने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात, हे नियमांत यायला आणखी कित्येक दशके लागली.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. मग गिरणी हा धंदा न उरता जमीन उरली. सुमारे 600 एकर, शहराच्या मध्यावर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने त्या जमिनीची तीन भागांत वाटणी सुचवली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि त्यातून कामगारांची देणी फिटावीत, अशीही तरतूद होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे आवार शेड आणि इमारतींनी भरलेले असते, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला येणारे क्षेत्र एकदम आक्रसले. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये मूळ वाटणीच्या बाजूने निकाल दिला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

कायदेशीर बाजू त्या दिवशी संपली. परिणाम संपले नाहीत. गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल आणि उंच इमारती आल्या, रोज येणाऱ्या माणसांची संख्या वाढली, आणि रस्ते, पूल, गटारे जुनीच राहिली. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा मृत्यू झाला. तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जण दगावले. पहिल्या घटनेत कोणत्याही एका कंपनीचा हिशेब तपासून दोष सापडणार नाही. जमिनीचा नफा अनेकांनी घेतला आणि गर्दीचा भार एका अरुंद पुलावर पडला. दुसऱ्या घटनेत अग्निसुरक्षेचे नियम आधीपासून होते. ते पाळले जातात की नाही, हे जागा देणाऱ्याने, धंदा करणाऱ्याने आणि परवाना देणाऱ्याने बघायचे होते. नियम कागदावर असणे आणि कारभार नीट असणे यांत केवढे अंतर असते, हे त्या रात्री 14 घरांना कळले.

देशातली आजची नियमांची चौकट मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. पहिले, कंपनी कायदा 2013. त्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. सीएसआर आणि ईएसजी यांत पुष्कळांची गल्लत होते. नफा झाल्यावर त्यातला थोडा भाग कुठे दिला, हे सीएसआर सांगते. तो नफा कमावला कसा, हे ईएसजी विचारते. शाळेला संगणक देणारी कंपनी आपले सांडपाणी नाल्यात सोडत असेल, तर पहिल्या परीक्षेत ती उत्तीर्ण होईल आणि दुसरीत नापास.

दुसरे ठिकाण म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी. शेअर बाजारातल्या पहिल्या 100 कंपन्यांना तिने 2012 मध्ये जबाबदारीचा अहवाल द्यायला लावला. मे 2021 मध्ये त्याचे रूप विस्तारून ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ झाले, ज्याला बाजारात बीआरएसआर म्हणतात. 2022-23 या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना तो सक्तीचा आहे. वीज आणि पाणी किती वापरले, हरितगृह वायू किती सोडले, कचऱ्याचे काय केले, एकूण वेतनात स्त्रियांना किती मिळाले, लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, संबंधित व्यक्तींच्या कंपन्यांशी व्यवहार किती झाले, असे प्रश्न त्यात आहेत. जुलै 2023 मध्ये सेबीने त्यातले नऊ गाभ्याचे विषय वेगळे काढले. त्यांचे आकडे बाहेरच्या तज्ज्ञाकडून पडताळून घ्यायची अट 2023-24 साठी पहिल्या 150 कंपन्यांना लागली. ती टप्प्याटप्प्याने वाढत 2026-27 मध्ये 1000 कंपन्यांपर्यंत जाणार आहे. पुरवठादारांची माहिती देण्याची सक्ती मात्र उद्योगांच्या तक्रारींनंतर सेबीने मागे घेऊन ती ऐच्छिक केली. ही माघार समजण्यासारखी आहे, पण तिने मोठी फट राहिली. बड्या कंपनीचा धूर आणि घाम पुष्कळदा तिच्या छोट्या पुरवठादाराच्या कारखान्यातच असतो.

गिरगावातला छापखाना, लालबागमधला खाद्यपदार्थ बनवणारा किंवा परळचे छोटे वर्कशॉप यांना सेबीचा अहवाल द्यावा लागत नाही. तरी या नियमांचा एक धागा त्यांच्या फायद्याचा आहे. पुरवठादारांची बिले सरासरी किती दिवसांत चुकती होतात, हा आकडा बड्या कंपनीला आता जाहीर करावा लागतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत द्यायचे असतात. ही मुदत ओलांडून थकवलेली रक्कम ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून वजा होत नाही, अशी प्राप्तिकराची तरतूदही 2023-24 च्या हिशेबांपासून लागू आहे. बिलासाठी खेटे घालणाऱ्या धंदेवाल्याला हे माहीत असायला हवे.

उलट दिशेचे उदाहरण पावभट्ट्यांचे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. धुराचा त्रास खरा आहे; पिढ्यान् पिढ्या तीच भट्टी चालवणाऱ्याला नवी भट्टी, गॅसची जोडणी आणि बंद दिवसांचा तोटा एकदम सोसणे अवघड आहे, हेही तितकेच खरे. बड्या कंपनीला असा बदल वर्षाच्या नियोजनात बसवता येतो. छोट्या धंद्याला तो जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरतो. स्वस्त कर्ज आणि पुरेशी मुदत दिल्याशिवाय असा नियम लावला, तर स्वच्छ हवेचा खर्च पुन्हा सर्वांत कमकुवत माणसावर पडतो.

निसर्गाची जोखीम कोणत्याही अधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. दादर-परळच्या सीमेवरचा हिंदमाता परिसर पाणी तुंबण्यासाठी ओळखला जातो आणि तिथल्या कापड दुकानदारांना तळमजल्यावरचा माल दर पावसाळ्यात सांभाळावा लागतो. महापालिकेने जवळच्या मैदानांखाली पाणी साठवण्यासाठी टाक्या बांधल्या, 2022 मध्ये शहराचा हवामान कृती आराखडाही आणला. दुकान, गोदाम किंवा कार्यालय घेताना जमिनीची पातळी, विम्यातली पुराची तरतूद आणि वीजजोडणीची उंची पाहणे हा ईएसजीचा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

या चौकटीच्या मर्यादाही ठळक आहेत. शेअर बाजारात नसलेली खासगी कंपनी बीआरएसआरच्या बाहेर राहते, आणि मध्य मुंबईतला बांधकामाचा मोठा भाग अशा कंपन्यांकडे असू शकतो. गाभ्याचे विषय सोडले तर बाकीचे आकडे कंपनी स्वतःच देते. जाहिरातीतल्या हिरव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार ‘पर्यावरणस्नेही’ असे नुसते लिहून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो.

बीआरएसआर कोणालाही वाचता येतो. तो कंपनीच्या वार्षिक अहवालासोबत येतो आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतो. सुरुवातीची छायाचित्रे आणि अध्यक्षांचे निवेदन ओलांडून थेट तक्त्यांकडे जावे. कायम कामगार आणि कायम नसलेले कामगार यांची संख्या वेगवेगळी दिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असेल, तर अपघातांचा आणि वेतनाचा तक्ता नीट पाहावा. चालू वर्षाशेजारी मागच्या वर्षाचा आकडा असतो, त्यामुळे पाणी आणि वीज घटली की उत्पादनच घटले, हेही ताडून बघता येते. दंड आणि खटल्यांची माहिती वेगळ्या रकान्यात असते. शेवटी पडताळणी कोणी केली आणि कोणत्या आकड्यांची केली, ते वाचावे. तिथे नाव नसलेला आकडा कंपनीने स्वतःच्या भरवशावर दिलेला असतो.