रुग्णवाहिकेतील औषधे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील माणूस एकाएकी कोसळला, शेजारीपाजारी धावून आले, कोणीतरी १०८ क्रमांकास फोन केला आणि रुग्णवाहिका दारात येऊन उभी राहिली, म्हणजे आप्तेष्टांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा ‘इंजेक्शन दिले का?’ हाच असतो. आणि ते दिले गेले नाही असे कळताच उपचारात हयगय झाली, असा ग्रह करून घेण्यास त्यांना विलंब लागत नाही. औषध जितके उग्र, जितके जास्त आणि जितके लवकर, तितका गुण मोठा, अशी समजूत या प्रश्नाच्या मुळाशी असते. इस्पितळाबाहेरच्या तातडीच्या वैद्यकाचा गेल्या अर्धशतकाचा अनुभव मात्र असा आहे की, औषध कोणास, केव्हा आणि कोणत्या मार्गाने द्यावयाचे याचा निर्णय जितका मोलाचा, तितकाच ते कोणास मुळीच द्यावयाचे नाही हा निर्णयही मोलाचा असतो. खाली घेतलेले गैरसमज या एकाच सूत्राने परस्परांशी बांधलेले आहेत.

गैरसमज : रुग्णवाहिकेतील माणूस केवळ हमाल, त्याला औषध देण्याचा अधिकार नाही.

वस्तुस्थिती : १९६६ साली बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णापर्यंत इस्पितळच चाकांवरून नेण्याची तजवीज केली; त्यांचे विद्युत्-धक्का देण्याचे पहिले वाहतूकयोग्य यंत्र सुमारे ७० किलो वजनाचे होते. त्या पायंड्यातून पाश्चात्त्य देशांत पॅरामेडिक हा स्वतंत्र व्यवसाय आकारास आला. ब्रिटनमध्ये नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही हे नाव लावता येत नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून पॅरामेडिकने कोणती इंजेक्शने द्यावीत, याची यादीच २०१२ च्या औषधविषयक नियमावलीच्या परिशिष्टात दिलेली आहे. त्या यादीबाहेर जाण्याची मुभा त्याला सहसा नाही. पण यादीतील औषधासाठी त्याला कोणाच्या हुकुमाची वाटही पाहावी लागत नाही. महाराष्ट्राने निराळा मार्ग पत्करला. येथे २०१४ साली १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, त्यांतील २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या होत्या, आणि गाडीबरोबर डॉक्टर असावा अशी योजना करण्यात आली. व्यवस्था भिन्न असली, तरी पेटीतील औषधांचे गुणधर्म दोन्हीकडे तेच आहेत.

गैरसमज : हृदय बंद पडले की अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन थेट छातीत खुपसतात आणि माणूस उठून बसतो.

वस्तुस्थिती : हा चित्रपटांचा प्रसाद आहे. अ‍ॅड्रेनलिन आज हृदयात टोचले जात नाही. ते शिरेतून, आणि शीर सापडेनाशी झाली तर हाडाच्या पोकळीतून, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. त्याच्या सामर्थ्याची परीक्षा ब्रिटनमधील पाच रुग्णवाहिका सेवांनी ८,००० हून अधिक रुग्णांवर केली. निम्म्यांना अ‍ॅड्रेनलिन आणि निम्म्यांना निव्वळ मिठाचे पाणी दिले गेले, आणि २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षाने वैद्यकीय जगताला विचारात पाडले. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३.२ टक्के आणि दुसऱ्या गटात २.४ टक्के निघाले. पण मेंदू सुस्थितीत ठेवून वाचलेल्यांच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही, आणि वाचलेल्यांपैकी मेंदूस गंभीर इजा झालेल्यांचा वाटा अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात १७.८ टक्के होता. अर्थात औषध निरुपयोगी ठरले असे नव्हे, आणि ते आजही दिले जाते. परंतु हृदय बंद पडलेल्या माणसाचे खरे आधार छातीवरील अखंड दाब आणि वेळेवर दिलेला विद्युत्-धक्का हेच आहेत.

ज्या प्रसंगी अ‍ॅड्रेनलिनला तोड नाही, तो प्रसंग मात्र लोकांच्या ध्यानीही नसतो. मधमाशीचा दंश, शेंगदाणा, कोळंबी किंवा एखादे प्रतिजैविक यांमुळे अंगावर गांधी उठून घसा आवळू लागला आणि रक्तदाब कोसळू लागला, तर मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत प्रौढास अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन टोचणे हाच पहिला इलाज होय. आपल्याकडे अशा वेळी अ‍ॅव्हिल हे अ‍ॅलर्जीचे औषध आणि स्टेरॉइड यांच्या इंजेक्शनांवर भिस्त ठेवण्याची सवय आहे. त्यांनी खाज व गांधी कमी होतील, पण आवळत चाललेला श्वासमार्ग त्यांच्या संथ परिणामाची प्रतीक्षा करीत नाही.

गैरसमज : प्राणवायूने कोणाचे नुकसान होत नाही, जितका जास्त तितका बरा.

वस्तुस्थिती : प्राणवायू हेही औषधच असून त्यालाही मात्रा आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पॅरामेडिकांनी धाप लागलेल्या ४०५ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुक्तहस्ते प्राणवायू देण्याऐवजी रक्तातील त्याचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच तो दिला असता, फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या रुग्णांतील मृत्यू ७८ टक्क्यांनी कमी झाले. वर्षानुवर्षांच्या विडीने किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे जर्जर झाली आहेत, त्यांच्या शरीरात अतिरिक्त प्राणवायूमुळे कार्बन डायऑक्साइड साचून त्यांना गुंगी येऊ शकते. हृदयविकाराच्या झटक्याबाबत स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले की, ज्यांच्या रक्तात प्राणवायू मुळातच पुरेसा आहे त्यांना मास्क लावून वर्षअखेरच्या मृत्युसंख्येत काहीही फरक पडत नाही. बोटाला चिमटा लावून, आकडा पाहून मास्क न लावणारा कर्मचारी कामचुकार नसतो. त्याने मोजमाप करूनच निर्णय घेतलेला असतो.

गैरसमज : छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावी, म्हणजे झटका टळतो.

वस्तुस्थिती : मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांनी ही गोळी घरोघरच्या देवघरापर्यंत पोचविली आहे. तिने रक्तवाहिन्या सैल होऊन वेदना शमते, पण हृदयाची वाहिनी अडविणारी गुठळी विरघळत नाही. उलट रक्तदाब आधीच उतरलेला असेल, हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसला असेल, किंवा रुग्णाने गेल्या चोवीस तासांत सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) घेतले असेल, तर ती रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. म्हणूनच तिच्याआधी रक्तदाब मोजण्याचा आणि काहीसे संकोचाचे प्रश्न विचारण्याचा दंडक आहे. आयुष्य वाचविण्याचा भक्कम पुरावा या प्रसंगी साध्या अ‍ॅस्पिरिनच्या बाजूने आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. गोळी चावून खावयास सांगतात ती तिचा अंमल लवकर सुरू व्हावा म्हणून. ज्यांना अ‍ॅस्पिरिन सोसत नाही किंवा ज्यांच्या शरीरात रक्तस्राव चालू आहे, त्यांना अर्थातच ती वर्ज्य होय.

गैरसमज : अपघातात रक्त गेले की भराभर सलाईन चढवावे, त्याने ताकद येते.

वस्तुस्थिती : ५०० मिलिलिटरच्या नेहमीच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते, त्यात पोषण शून्य. अतिसाराने शरीर कोरडे पडलेल्या माणसाला ते संजीवनी ठरते, यात वाद नाही. परंतु वाहत्या जखमेच्या रुग्णात ते रक्त पातळ करते, शरीर थंड करते आणि रक्तदाब चढवून नुकतीच धरलेली गुठळी उखडून टाकू शकते. ह्यूस्टन येथे धडावर भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा झालेल्या ५९८ रुग्णांच्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियागृहात पोचेपर्यंत सलाईन राखून ठेवलेल्यांपैकी ७० टक्के वाचले, तर वाटेतच ते चढविलेल्यांपैकी ६२ टक्के.

या संदर्भात ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या स्वस्त औषधाचा दाखला बोलका आहे. जपानमधील ओकामोतो दांपत्याने शोधलेले हे द्रव्य नवी गुठळी बनवीत नाही. शरीराने बनविलेली गुठळी अकाली विरघळू न देणे एवढेच त्याचे कार्य. चाळीस देशांतील २०,२११ जखमींच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. पण त्याच माहितीची वेळेनुसार छाननी केली असता दिसून आले की, दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच ते तारक ठरते, आणि मुदत उलटल्यावर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ३.१ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर जातात. एकच औषध, एकच मात्रा, आणि घड्याळाच्या काट्याने त्याचा गुण पालटतो.

गैरसमज : शिरेतून दिलेले इंजेक्शन नेहमीच स्नायूतील इंजेक्शनापेक्षा लवकर लागू पडते.

वस्तुस्थिती : शीर सापडल्यावर हे खरे, पण आकडीने थरथरणाऱ्या हातात ती सापडणेच दुष्कर असते. अमेरिकेतील पॅरामेडिकांनी ८९३ रुग्णांवर केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, मांडीत मिडॅझोलॅम टोचलेल्यांपैकी ७३.४ टक्के रुग्णांची आकडी इस्पितळ येण्यापूर्वी थांबली, आणि शिरेतून लोराझेपॅम देऊ केलेल्यांपैकी ६३.४ टक्क्यांची. आपल्याकडे हुंगविण्यात येणारे कांदा आणि चप्पल यांचा मात्र आकडीवर काहीही परिणाम होत नाही. ती आपोआप थांबली म्हणजे श्रेय त्यांना मिळते, इतकेच.

या साऱ्याचा इत्यर्थ वाचकाच्या हाती काही कर्तव्ये ठेवतो. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, रुग्ण रोज कोणती औषधे घेतो आणि त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, या तीन गोष्टी रुग्णवाहिकेतील माणसास न विचारता सांगाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर किंवा गोळी घालू नये. श्वास थांबला असेल, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब देत राहावे. आणि तपासणी करून ‘यांना आत्ता इंजेक्शनची गरज नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याच्याशी हुज्जत न घालता रुग्णास लवकर इस्पितळात नेऊ द्यावे.