स्वतःचा माल, स्वतःची गाडी: मग ट्रान्सपोर्टचं लायसन्स कशाला?

मागच्या व्हिडिओत आपण पिकअपच्या हप्त्याचं गणित केलं. त्यानंतर दुकानात एक टोमॅटोवाले काका आले, शंभर क्रेट घेतले आणि जाता जाता म्हणाले, "सर, हप्ता भरतो हो मी, पण पोराकडे टीआर लायसन्स नाही. आपलाच माल आपल्याच गाडीतून यार्डात न्यायचा, त्याला ट्रान्सपोर्टवाल्याचं लायसन्स कशाला पाहिजे?"

प्रश्न साधा वाटतो, पण याच्यावर घर बसू शकतं. माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाचं बसता बसता राहिलं. २०१६ ला त्यांच्या पिकअपचा रात्री अपघात झाला, समोरचा मोटरसायकलवाला जायबंदी. गाडीचा विमा चालू, हप्ता वेळेवर. पण गाडी चालवणाऱ्या पुतण्याकडे साधं कारचं लायसन्स. विमा कंपनीने सांगितलं, ही मालवाहू गाडी, ट्रान्सपोर्टचा शेरा नाही, आमची जबाबदारी नाही. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा काय करतं? जखमीला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे शेवटी बिल तुमच्याच दारात. त्या माणसाने वकिलाच्या फीसाठी गाडी विकली. पुढे २०१७ च्या निकालाचा आधार मिळाला म्हणून वसुली टळली. गाडी काही परत आली नाही.

आता हा निकाल समजून घ्या, कारण एजंट लोक अजूनही तुम्हाला जुनंच सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात 'हलकं मोटार वाहन', म्हणजे लायसन्सवर एलएमव्ही लिहिलेलं असतं ते, याची व्याख्या आहे. मालवाहू गाडी असेल तर तिचं भरलेल्या मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या वर जायला नको. म्हणजे मालवाहू गाडीसुद्धा हलकी असू शकते, हे कायद्यातच लिहिलंय. पण लायसन्सच्या वर्गात 'ट्रान्सपोर्ट व्हेईकल' असा वेगळा वर्ग १९९४ पासून आला आणि गोंधळ सुरू झाला. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं, एलएमव्ही लायसन्सवाला या वजनातली मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळा शेरा नको. विमा कंपन्यांना ते पटलं नाही. प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनीही एकमताने तेच कायम केलं. निकालात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: साध्या लायसन्सवाल्यांमुळे मालगाड्यांचे अपघात वाढले, असा कुठलाही ठोस आकडा कोर्टासमोर कोणी आणू शकलं नाही.

तेव्हा काका, तुमचा पोरगा छोटा हत्ती किंवा पिकअप साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवू शकतो. आरसी काढा, त्यावर जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, तो आकडा ७,५०० च्या आत आहे का बघा. विक्रेता काय म्हणाला ते सोडून द्या.

ट्रॅक्टरचं वेगळं. कृषी ट्रॅक्टर मुळात ट्रान्सपोर्ट वाहनात मोडतच नाही. ट्रॉली जोडून माल नेला म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निकामी होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००१ लाच सांगितलंय. पण त्याच ट्रॉलीतून शेजाऱ्याच्या विटा भाड्याने टाकल्या, की विमा कंपनीला नकार द्यायला जागा मिळते, कारण पॉलिसी शेतीकामाची असते. आपल्याकडे सीझन संपला की सगळे हेच करतात. चार पैसे सुटतात हे मान्य, पण हिशेबाच्या वहीत तो धोका कोणी लिहीत नाही.

आता मोठी गाडी. एखाद्या बागायतदाराने दहा चाकी घेतली आणि म्हणाला, "मी शेतकरी आहे, मला सूट द्या." अमेरिकेत अशी सूट खरंच आहे. तिथे २६,००१ पौंड, म्हणजे साधारण ११,८०० किलो आणि त्यावरच्या ट्रकला कमर्शियल लायसन्स लागतं, पण शेतकऱ्याने स्वतःच्या शेताचा माल स्वतःच्या ट्रकने नेला, भाड्याने नाही, तर काही अटींवर माफी मिळते. राज्याची हद्द ओलांडली तर शेतापासून १५० मैलांच्या आतच. माझं स्पष्ट मत, आपल्याकडे हे नको. अमेरिकेतला शेतकरी मोकळ्या रस्त्यावर धान्य नेतो. आपला पुणे-नाशिक हायवेवर, एसटी, दुचाक्या आणि उसाच्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या यांच्यामधून, रात्री दोन वाजता झोपेच्या डोळ्यांनी वाशी मार्केट गाठतो. माल स्वतःचा आहे म्हणून ब्रेक लवकर लागत नाही.

आणि ७,५०० च्या वरच्या गाडीसाठी आपला कायदा मागतो तरी काय? वय २० पूर्ण, एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आठवी पासची अट २०१९ ला निघाली, ते चांगलंच झालं; आमच्याकडे उत्तम गाडी चालवणारे निम्मे लोक शाळेत फार टिकले नव्हते. बाकी जे उरलं ते जाचक नाही. जाच आहे तो चकरांचा. तालुक्याच्या शेतकऱ्याला टेस्टसाठी दिवस मोडून आरटीओच्या गावी जावं लागतं, ऐन तोडणीत. सूट मागण्यापेक्षा तालुक्याला टेस्टचे कॅम्प वाढवा, सीझन सोडून तारखा द्या, हे मागा. ते मिळण्यासारखं आहे.

खरा धोका मात्र लायसन्सच्या पुढचा आहे, आणि तो मी रोज दुकानाच्या काउंटरवरून बघतो. टोमॅटोचा क्रेट धरा २० किलोचा. तुमच्या पिकअपची क्षमता धरा दीड टन. म्हणजे ७५ क्रेट. पण गाडीत चढतात १२०, म्हणजे २,४०० किलो. लायसन्स बरोबर, कागद बरोबर, आणि गाडी ९०० किलोने जड. पकडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडच २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००. वाचवलेली एक खेप किती रुपयांची होती, सांगा बरं? आणि घाटात ब्रेक तापले तर दंडाची वेळच येत नाही.

काकांनी हे सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? "मग ७५ च क्रेट भरले तर भाडं परवडतं का?" चांगला प्रश्न होता. कागद घेतला, डिझेल, टोल, हमाली, घासारा सगळं मांडलं. एका गाडीत नाही परवडत. शेजारच्या दोघांनी मिळून एक मोठी गाडी, टीआर लायसन्सवाल्या ड्रायव्हरसकट, ठरवली तर परवडतं. काका म्हणाले, विचारून बघतो. पोराला मात्र त्यांनी तिथूनच फोन लावला, "आरसी कुठंय रे गाडीची?"