लिनक्सवरील सॉफ्टवेअरचे स्थान : वनजिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात चंद्रपूर व गडचिरोली हे वनबहुल जिल्हे येतात. सामूहिक वनहक्क क्षेत्रांचे नकाशे तयार करण्यासाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर येथील महाविद्यालयांना उपयुक्त आहे. लिनक्सवर ते दोन प्रकारे बसविता येते : डेबियनसारख्या वितरणाच्या तयार पॅकेजमधून किंवा मूळ संहितेपासून स्वतः बांधून.

पॅकेजमधील फायली प्रामुख्याने ‘/यूएसआर’ मध्ये जातात व त्यांची नोंद पॅकेज-व्यवस्थापक ठेवतो. स्वतः बांधलेल्या फायली त्यांत मिसळल्यास पुढील अद्ययावतीकरणात त्या पुसल्या जाण्याचा, तसेच इतर सॉफ्टवेअर बिघडण्याचा धोका असतो. म्हणूनच 2015 च्या फाइलरचना मानकात (आवृत्ती 3.0) ‘/यूएसआर/लोकल’ ही जागा स्थानिक प्रशासकासाठी राखलेली आहे. आदेश शोधताना प्रणाली सामान्यतः हीच जागा आधी पाहते; त्यामुळे दोन्ही आवृत्त्या असल्यास स्वतः बांधलेली चालते. मात्र तिच्या सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप होत नाहीत. ती जबाबदारी प्रशासकाची असते.

जेथे इंटरनेट संथ आहे, तेथे बिघडलेली प्रणाली पुन्हा उभारण्यात अध्यापनाचे कित्येक दिवस वाया जाऊ शकतात. म्हणून शक्यतो पॅकेज वापरावे. नवी आवृत्ती अपरिहार्य असेल तरच स्वतः बांधून ती ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये ठेवावी आणि तशी नोंद संगणककक्षाच्या वहीत करावी, हेच श्रेयस्कर होय.